दगडाच्या पोटातला प्रवास

ठाण्याच्या आसपास मानपाडा या नावाची दोन ठिकाणे बहुतेकांच्या परिचयाची आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तरेला, घोडबंदरच्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी; दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याकडे जाताना लागते ते. परगावच्या पाहुण्याला पत्ता सांगू लागले की 'कुठला मानपाडा?' हा प्रश्न ठरलेलाच. दोन्हीकडे आता इमारतींची इतकी दाटी झाली आहे की पायाखालची जमीन पाहायची, तर कुणाच्या तरी इमारतीचा पाया खणलेला असावा लागतो. पण पुरेसे खोल खणले की दोन्ही मानपाड्यांखाली अखेर एकच दगड लागतो. तो म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ.

आमच्या लहानपणी कुठे बांधकाम निघाले की दाराशी खडीचा ढीग पडे. ढिगावर चढू नये अशी मोठ्यांची ताकीद असे आणि म्हणूनच आम्ही चढत असू. त्या काळ्या खडीत मधूनच एखाद्या तुकड्याला पांढरा, चकचकीत डाग असे. कधी तो साखरेच्या खड्यासारखा दिसे, कधी मोराच्या पिसाऱ्यासारखा पसरलेला. आम्ही त्याला सरसकट गारगोटी म्हणत असू. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या की ठिणगी पडते, हे ज्ञान आम्हांला होते. पण खडीतल्या या गारगोट्यांतून ठिणगी काही पडत नसे, उलट त्यांचाच भुगा होई. मग ती 'खोटी गारगोटी' म्हणून आम्ही फेकून देत असू. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की फेकून दिले त्यातले बरेचसे झिओलाइट होते, आणि ज्या गुणासाठी जगातले नामवंत रसायनशास्त्रज्ञ आयुष्य वेचीत आले, तो गुण खऱ्या गारगोटीत नसून या खोट्या गारगोटीतच होता.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने वाटेतले सिलिका, ॲल्युमिना, चुना, सोडा विरघळवून आणले आणि पोकळ्यांच्या आतल्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपाने साठवले. तेच हे झिओलाइट. येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कांदिवलीच्या खाणी या खनिजांसाठी जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध होत्या. बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, तेव्हा डोंगर फोडताना निघालेले सुंदर स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांपर्यंत पोचले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनीही तसेच नाव कमावले. सिन्नरला तर आता या स्फटिकांचे 'गारगोटी' नावाचेच एक संग्रहालय आहे. म्हणजे आमची बालपणीची चूक काही अगदीच एकट्याची नव्हती.

या दगडाचा गुण असा की तो आतून पोकळ आहे. डोळ्यांना किंवा साध्या सूक्ष्मदर्शकालाही ही पोकळी दिसत नाही. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची जी चौकट असते, तिच्यातच ठरावीक मापाच्या दारांच्या खोल्या आणि बोळ असतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. झिओलाइटांची ही दारे तीन ते आठ अँगस्ट्रॉम रुंदीची. साधारण एकेक रेणू जेमतेम जाईल एवढीच. या बोळांत पाणी भरलेले असते. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकणीच्या ज्वाळेत धरला तेव्हा तो फसफसून फुगला. त्यावरून त्याने ग्रीक भाषेतले 'उकळणे' आणि 'दगड' हे दोन शब्द जोडून झिओलाइट हे नाव पाडले. मराठीत म्हणायचे तर उकळता दगड.

उकळून पाणी गेले की सामान्य दगड खचतो, भुरभुरतो. झिओलाइटांत असा नाठाळ भाऊ आहे: लॉमोंटाइट. कांदिवलीच्या खाणीतून काढलेला त्याचा स्वच्छ खडा कोरड्या हवेत राहिला की आपोआप पांढरा पडून त्याचे पीठ होते. पण इतर कित्येक झिओलाइट तसे नाहीत. फ्रान्समध्ये दामूर याने १८४० साली दाखवले की त्यांच्यातले पाणी काढून घेता येते, पुन्हा भरता येते, आणि स्फटिक दिसायला होता तसाच राहतो. १८९६ साली फ्रीडेल याने पाण्याच्या जागी अल्कोहोल, बेन्झीन, क्लोरोफॉर्म आत शिरवून पाहिले, आणि हा दगड म्हणजे उघडा स्पंज असला पाहिजे असे अनुमान काढले. मग १९२५ साली जर्मनीत वायगेल आणि श्टाइनहॉफ यांना आढळले की चॅबाझाइट नावाचा झिओलाइट पाणी आणि साधी अल्कोहोले झटकन आत घेतो, पण ॲसिटोन, ईथर, बेन्झीन यांना दारातच थोपवतो. १९३२ साली मॅकबेन याने या गुणाला 'रेणूंची चाळण' हे नाव दिले आणि ते चिकटले.

मात्र चाळण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिठाची चाळण येते: भोकातून गेले ते गेले, राहिले ते राहिले. इथे गोष्ट तशी सोपी नाही. काही रेणू चटकन जातात, काही अंग चोरून रेंगाळत जातात, काही अर्ध्या वाटेवर बसून राहतात. तेव्हा 'कोण जाऊ शकतो?' एवढे पुरत नाही. 'किती वेगाने जातो?' हे मोजावे लागते. कोणीही न ढकलता, केवळ आपल्या अंगच्या धडपडीने रेणू गर्दीकडून मोकळ्या जागेकडे पसरत जातात, याला विसरण म्हणतात. अभ्यंगस्नानाच्या पहाटे सुवासिक तेलाची बाटली एका खोलीत उघडली की वास दुसऱ्या खोलीत येतो तो काही अंशी विसरणानेच. (काही अंशीच, झुळकांचा वाटा त्यात मोठा असतो. दगडाच्या पोटात मात्र झुळूक नाही.) आणि या लेखाचा विषय हा, की दगडाच्या पोटातली ही चाल मोजताना जाणत्या माणसांनी अनेक वर्षे भलतेच काहीतरी मोजले, आणि ते ध्यानात कसे आले.

आरंभ मात्र फार चांगला झाला होता. अप्साला येथील आर्ने टिसेलियस या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३४ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एकच स्फटिक घेतला. तो होता ह्यूलँडाइटचा, म्हणजे जो आपल्याकडे पुण्याच्या खाणींत मुबलक सापडतो त्याच जातीचा. अभ्रकासारखा तो एका दिशेने पापुद्र्यांत सुटतो. टिसेलियसने त्यातले काही पाणी आधी काढले आणि मग स्फटिकाभोवती पाण्याची वाफ वाढवून ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला. ह्यूलँडाइटमधून प्रकाश कसा जातो ते त्यातल्या पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यामुळे पाणी कडेकडून आत सरकू लागले की त्याची पुढे सरकणारी सीमा डोळ्यांना दिसते. ओल्या भिंतीवर ओल चढताना दिसावी तशी. ती किती वेळात किती सरकली हे मोजले, की पाण्याच्या रेणूंची चाल मिळाली.

त्याला आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या बाजूंनी पाणी सारख्या वेगाने शिरत नव्हते. पापुद्र्यांच्या लांबी-रुंदीच्या दिशांनी ते जाई, त्यातही एका दिशेने अधिक आणि दुसरीने कमी. पापुद्रे छेदून आरपार मात्र जवळजवळ जातच नसे. ह्यूलँडाइटच्या आतली बोळांची रचना क्ष-किरणांनी नीट उलगडायला त्यानंतर तीसहून अधिक वर्षे जावी लागली, आणि बोळ पापुद्र्यांना समांतरच निघाले. म्हणजे गावाचा नकाशा हाती येण्याआधी या माणसाने नुसते पाणी कुठे धावते ते पाहून रस्ते ओळखले होते.

टिसेलियसने हे काम पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला ह्यू टेलर यांच्याकडे राहून चालवले आणि मग सोडून दिले. त्याचे खरे मन प्रथिनांत होते. विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या कामासाठी त्याला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. झिओलाइटांवरचे त्याचे लेख राहिले ग्रंथालयांत. अशी उदाहरणे विज्ञानात पुष्कळ आहेत. पण इथे जरा चुटपुट लागते, कारण त्याची एका स्फटिकावर नजर ठेवण्याची रीत त्याच्याबरोबर बाजूला पडली.

तिच्या जागी जी रीत आली तिचे कारण समजण्यासारखे होते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडात स्थिरावलेले रिचर्ड बॅरर हे या शास्त्राचे खरे भीष्माचार्य. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी वायू झिओलाइटांत कसे शिरतात याचा अभ्यास केला, १९४१ साली घन पदार्थांतील विसरणावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढे प्रयोगशाळेत कृत्रिम झिओलाइट बनवण्याचा पाया घातला. (बॅरराइट नावाचे एक खनिज त्यांच्याच सन्मानार्थ आहे.) अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ च्या सुमारास 'ए' आणि 'एक्स' हे कृत्रिम झिओलाइट तयार केले आणि १९५४ पासून ते बाजारात आले. कारखान्यांना हवा तसा, हवा तेवढा, एकसारख्या दारांचा दगड मिळू लागला. पण हे कृत्रिम स्फटिक इवलेसे, मिलिमीटरचा हजारावा भाग एवढाल्या आकाराचे, म्हणजे हाताला नुसते पीठ. त्यातला एक दाणा टिसेलियसप्रमाणे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळणार कसा?

तेव्हा पिठाची चिमूट तराजूत टांगून मोजण्याची पद्धत रूढ झाली. काचेच्या नळीत क्वार्ट्‌झच्या नाजूक स्प्रिंगला पारडे, पारड्यात पाणी काढून टाकलेला झिओलाइट. नळीत वायू सोडला की झिओलाइट तो शोषू लागतो, वजन वाढते, स्प्रिंग ताणते. वजन किती वेळात किती वाढले ते टिपले, स्फटिकांचे सरासरी आकारमान गणितात घातले, की चालीचा आकडा तयार. साधन सुबक, गणित निर्दोष. अनेक प्रयोगशाळांतून असे आकडे निघाले, कोष्टकांत बसले, पुस्तकांत गेले, कारखान्यांच्या आराखड्यांत वापरले गेले.

यावर प्रश्न उपस्थित झाला तो पूर्व जर्मनीतल्या लाइप्झिग येथून. तिथल्या विद्यापीठात हॅरी फायफर आणि त्यांचे तरुण शिष्य यॉर्ग केर्गर यांनी १९७० च्या सुमारास एक अगदी निराळी रीत झिओलाइटांना लावली. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे फिरते. क्षेत्र जितके प्रबळ तितका फेरा जलद. एका टोकाला क्षेत्र किंचित अधिक आणि दुसऱ्याला किंचित कमी असे क्षणभर केले, तर प्रत्येक केंद्रकावर त्याच्या तेव्हाच्या जागेची खूण उमटते. थोडे थांबून, सेकंदाचा हजारावा भाग म्हणा, तीच क्रिया उलट केली की खूण पुसली जाते. पण मधल्या वेळात ज्याने जागा सोडली, त्याची खूण पुरती पुसत नाही. किती खुणा उरल्या यावरून रेणू किती सरकले ते कळते. इथे वजन नाही, वायू आत सोडणे नाही. रेणू आधीच आत आहेत आणि आपण फक्त त्यांचे हिंडणे पाहतो.

या रीतीने मिळालेले आकडे जुन्या आकड्यांहून मोठे होते. थोडेथोडके नव्हे, काही बाबतींत लाखपट. कल्पना यावी म्हणून सांगतो: कल्याणहून ठाण्याला अर्ध्या तासात पोचतो असे एकाने म्हणावे, आणि त्याच गाडीने साडेपाच वर्षांहून अधिक लागतात असे दुसऱ्याने म्हणावे, तर दोघांच्या म्हणण्यात लाखपट अंतर पडेल. अशा वेळी पहिली शंका नवख्यावर जाते. कोष्टके जुनी, प्रयोगशाळा अनेक, पद्धत प्रस्थापित. आणि विरुद्ध बाजूला लाइप्झिगचे एक यंत्र. पूर्व आणि पश्चिम यांच्यामधली राजकीय भिंत त्यावेळी उभी होती, हेही विसरू नये.

काहींनी समेटाचा मार्ग सुचवला: एका रीतीत रेणू गर्दीकडून मोकळ्याकडे वाहत असतात, दुसरीत सगळीकडे सारखीच गर्दी असताना हिंडत असतात, दोन गोष्टी भिन्न, म्हणून आकडे भिन्न. हे तत्त्वतः खरे आहे. पण त्या भेदाने पडणारा फरक हिशेबात काढता येतो, आणि तो लाखपटीच्या जवळपासही जात नव्हता.

मग चूक होती कुठे? हे समजायला डोंबिवलीकरांना प्रयोगशाळेत जावे लागणार नाही. मानपाडा रस्त्याने स्टेशनवर या आणि सकाळच्या गर्दीत फलाटावर उभे राहा. समजा, एका डब्यात मिनिटाला किती माणसे भरली हे कोणी मोजले, आणि त्यावरून डब्याच्या आत माणूस किती वेगाने चालू शकतो याचा आकडा काढला, तर तो बरोबर येईल का? माणसे जिन्यावर तुंबलेली असतील, तर त्याने मोजली ती जिन्याची रुंदी. दारात चौघे ठाम उभे असतील, तर त्याने मोजली ती त्या चौघांची चिकाटी. डब्यातली मधली जागा मोकळी असून तिथे माणूस सुखाने चालतोही असेल. पण बाहेरून मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नाही. लाइप्झिगच्या रीतीने डब्यातल्या माणसाच्या पाठीवर खडूची खूण केली आणि त्यालाच पाहिले.

तराजूच्या प्रयोगात नेमके असे जिने आणि दारे होती. पिठाच्या चिमटीत दाण्यांच्या गर्दीतून वायूला तळापर्यंत जायला वेळ लागे. तो पहिला जिना. दुसरी गोष्ट अधिक लबाड. झिओलाइट वायू शोषतो तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि दाणे तापतात; तापलेला झिओलाइट कमी वायू धरतो; मग तो निवेल तसतसा उरलेला वायू घेतो. वजनाचा काटा सावकाश चढतो तो रेणू सावकाश चालतात म्हणून नव्हे, तर पीठ सावकाश निवते म्हणून! कित्येकदा रेणूंची चाल म्हणून जे कोष्टकात लिहिले गेले, ते वास्तविक स्फटिकांचे निवणे होते. आणि तिसरी गोष्ट दारातल्या चौघांची: स्फटिकाच्या पृष्ठभागावरची पुष्कळशी भोके बुजलेली किंवा अरुंद झालेली असू शकतात. आतले बोळ मोकळे, वेशीवर मात्र खोळंबा.

हे उलगडण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस पूर्वीच्या पक्षातलाच होता, ही मला या इतिहासातली सर्वांत समाधानाची बाब वाटते. कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठात डग्लस रूथवेन वजनाच्या पद्धतीनेच काम करीत होते. त्यांनी आपल्याच पद्धतीची उलटतपासणी केली. कसोटी साधी होती: निरनिराळ्या आकाराचे स्फटिक घ्यायचे. अडथळा खरोखर आतल्या चालीचा असेल, तर दुप्पट मोठ्या स्फटिकाला भरायला चौपट वेळ लागला पाहिजे. अडथळा वेशीवर असेल, तर दुप्पट. आणि उष्णतेचा किंवा पिठाच्या गर्दीचा असेल, तर स्फटिक मोठा की लहान याने काहीच बिघडू नये. मोठे स्फटिक वाढवण्याची कृती १९७१ च्या सुमारास हाती आली होती, म्हणून हे करता आले. पुष्कळ जुने आकडे या कसोटीत नापास झाले. जिथे मोठे स्फटिक घेऊन काळजीपूर्वक मोजले, तिथे वजनाचे आकडे वर चढून लाइप्झिगच्या आकड्यांजवळ येऊ लागले. काही जोड्यांचे जमेना, तेही त्यांनी लपवले नाही.

केर्गर आणि रूथवेन, म्हणजे पूर्व जर्मनीतला एक आणि कॅनडातला एक, यांनी १९८१ साली दोन्ही प्रकारच्या आकड्यांची तुलना करणारा निबंध जोडीने प्रसिद्ध केला, आणि १९९२ साली झिओलाइटांतील विसरणावर एक जाडजूड ग्रंथ दोघांनी मिळून लिहिला. मधल्या काळात, १९८८ साली, रूथवेन यांनी एइच यांच्यासह आणखी एक युक्ती काढली: पीठ इतके थोडे घ्यायचे, जवळजवळ एकच थर, की गर्दी आणि उष्णता यांना जागाच राहू नये, आणि त्यावरून वाहत्या वायूत आतले रेणू किती वेगाने धुऊन निघतात ते पाहायचे. वादात हरलो की जिंकलो याचा हिशेब ठेवणाऱ्याला असे काम सुचत नाही.

आणि गंमत पाहा. शतक उलटल्यावर लाइप्झिगच्या मंडळींनी व्यतिकरणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा एकेकटा स्फटिक ठेवला आणि रेणू कडेकडून आत कसे सरकतात ते प्रकाशाच्या आधारे पाहिले. टिसेलियसने १९३४ साली जे केले तेच. साधने तेवढी कितीतरी सूक्ष्म. त्यात वेशीवरचा खोळंबा आता प्रत्यक्ष दिसू लागला: स्फटिकाच्या कडेलाच रेणूंची संख्या बाहेरच्या मानाने उणी राहते आणि हळूहळू भरते. शिवाय एक अखंड स्फटिक म्हणून जे दिसत होते, ते अनेकदा दोन-चार तुकड्यांचे एकमेकांत रुतून वाढलेले जोडकाम निघाले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आपल्या अंगावरच्या कपड्यात आहे. टेरिलीन, पॉलिएस्टर वगैरे धाग्यांचा कच्चा माल पॅरा-झायलीन नावाच्या द्रवापासून तयार होतो. झायलीनची तीन भावंडे, तिघांतले अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. १९७० च्या दशकात पुढे आलेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटाची दारे सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉमची. सडपातळ पॅरा त्यातून सळसळत जातो आणि रुंद बांध्याचे ऑर्थो व मेटा कितीतरी मागे रेंगाळतात. आत तिघेही एकमेकांत बदलत असतात, पण बाहेर लवकर पडतो तो पॅराच. म्हणजे इथे कारखान्याचा नफा रेणूंच्या चालीतल्या फरकावर उभा आहे, आणि तो आकडा चुकला तर आराखडाच चुकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीचे 'एन्सिलाइट' हे उत्प्रेरक तयार केले. झायलीनच्या कामात बडोद्याची आयपीसीएल आणि एसीसी ही सिमेंट कंपनी त्यांच्याबरोबर होती. या एसीसीचे संशोधन केंद्र ठाण्यातच होते, मानपाड्यापासून काही मैलांवर. त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत वसंत चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ साखळीचे, फाटे फुटलेले आणि वलयाकार असे निरनिराळे द्रव झेडएसएम-५ मध्ये किती वेगाने शिरतात याची मोजणी केली. त्यांचे निबंध १९९२ आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले. वायूऐवजी द्रवच घेतल्यामुळे कारखान्यातल्या वस्तुस्थितीजवळ जाणारी अशी ही मोजणी आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांची नावे आपल्याकडे सर्वांना पाठ असतात. हे निबंध किती जणांनी चाळले असतील, कोण जाणे.

दुसरे उत्तर अधिक अलीकडचे आणि मन अस्वस्थ करणारे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी आपण कशी धावाधाव केली, ते कोणी विसरले नसेल. हवेतून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या संयंत्रांत झिओलाइटच लागतो. तो नायट्रोजन धरून ठेवतो, प्राणवायू पुढे जाऊ देतो, आणि थोड्याच वेळात धरलेले सोडून पुन्हा नव्याने धरतो. त्या मे महिन्यात एअर इंडियाच्या विमानांनी परदेशातून झिओलाइट भरभरून आणला. ज्या मुलखात पाया खणला की झिओलाइट लागतो, तिथे! पण त्यात विरोधाभास वाटतो तेवढा नाही. खाणीतला झिओलाइट सुंदर असतो, एकसारखा नसतो. संयंत्राला हवे असते ते दाण्यादाण्याला सारखेच दार.

शेवटी ट्रॉम्बेकडे वळतो. ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी, भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' ही अणुभट्टी आहे. १९८५ साली ती प्रथम कार्यान्वित झाली. तिच्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांचा झोत झिओलाइटावर टाकला, तर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन यांची चौकट त्यांना फारशी जाणवत नाही. हायड्रोजन मात्र त्यांना जोराने विखुरतो. म्हणजे या प्रकाशात डोंगर जवळजवळ पारदर्शक आणि वाटसरू ठसठशीत. हलत्या हायड्रोजनवरून विखुरताना न्यूट्रॉनांची ऊर्जा किंचित बदलते, आणि त्या बदलावरून सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळातली रेणूची पावले मोजता येतात. लाइप्झिगच्या खडूने डब्यातला प्रवास दिसला. इथे एकेक पाऊल दिसते. एस. मित्रा, आर. मुखोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-वाय झिओलाइटात प्रोपेन वायू भरून हे केले. स्वयंपाकाच्या सिलिंडरात जो असतो, तोच प्रोपेन. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एस. यशोनाथ या कामात होते. त्यांनी गणकयंत्रावर तोच प्रवास घडवून पाहिला. प्रयोग आणि गणन शेजारी ठेवणारा हा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि आधीच्या वर्षीच्या निबंधात रेणूचे पुढे सरकणे सोडून त्याच्या जागच्या जागी गिरक्या तपासल्या होत्या.

याच यशोनाथांनी १९९० च्या दशकात गणकयंत्रावर एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. दार अरुंद होत जाईल तसा रेणू मंदावेल असे आपण धरून चालतो. पण रेणूचा आकार दाराच्या मापाला अगदी जुळत आला, की चाल एकदम वाढते. दार जरा ऐसपैस असते तेव्हा रेणू एका बाजूच्या भिंतीला चिकटून राहतो. ते अंगाबरोबर आले की चहूकडच्या भिंती त्याला सारख्याच ओढतात, ओढी एकमेकींना मारून टाकतात, आणि तो अलगद निसटतो. लोकलच्या दाराला हा नियम लागू नाही, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

ट्रॉम्बेच्या प्रयोगात एक सावधगिरी घ्यावी लागते. पाण्यातही हायड्रोजन असतो. तेव्हा झिओलाइटात थोडे जरी पाणी राहिले, तरी न्यूट्रॉनांना प्रोपेनबरोबर तेही दिसेल आणि आकडा बिघडेल. म्हणून पहिले काम असते ते पीठ निर्वातात तापवून त्यातले पाणी घालवण्याचे, आणि मगच त्यात मोजून प्रोपेन सोडण्याचे. १७५६ साली क्रॉनस्टेटच्या फुंकणीपुढे खड्यातून जे फसफसत बाहेर आले, तेच हे पाणी.